वर पळत जा, खाली एसटीने या

पत्र:

नमस्कार. वय 39, नोकरी बँकेत. जूनमध्ये पुण्याहून वाईला बदली झाली. पुण्यात बरीच वर्षं तळजाईवर आणि अधूनमधून वेताळ टेकडीवर पळत होते. दहा किलोमीटर आरामात व्हायचे. वाईला आल्यावर वाटलं, नदी आहे, डोंगर आहेत, आता चैनच. पण कुठं पळावं हेच कळेना. दिवाळीच्या सुट्टीत हुरूप आला म्हणून पसरणी घाट चढून पाचगणीपर्यंत गेले आणि पळतच खाली आले. पुढचे तीन दिवस बँकेच्या पायऱ्या कठडा धरून उतरत होते. चढताना फारसं काही वाटायचं नाही, उतरताना मात्र जीव जायचा. चौथ्या दिवशी आपोआप कमी झालं, पण गुडघे कामातून गेले की काय ही धास्ती बसली आहे. नवरा म्हणतो, ट्रेडमिल घेऊ. सासूबाई म्हणतात, पुण्यात चाललं, इथं लोक काय म्हणतील. माझ्या डोक्यात मात्र पुढच्या वर्षीची सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे. नदीकाठचे, झाडीतले चांगले रस्ते सांगाल का? आणि हे मला जमेल का?
– बदलीवाली, वाई

उत्तर:

नमस्कार.

आधी गुडघ्यांचं मिटवू, म्हणजे पुढचं स्वस्थपणे वाचाल. चढताना काही नाही, उतरताना जीव जातो आणि चौथ्या दिवशी सगळं ओसरतं, हे दुखणं बहुतेक वेळा गुडघ्याचं नसतं, मांडीचं असतं. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच आवळून धरतो आणि सगळं वजन अडवतो. अशा कामाची सवय नसली की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला जातं आणि मग उतरतं. वाई समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर आहे, पाचगणी 1,300 च्या आसपास. म्हणजे बारा-एक किलोमीटरांत तुम्ही सहाशे मीटर उतरलात, तेही चढून दमलेल्या पायांनी. वेताळ टेकडीचा माथा पुण्याच्या वस्तीपेक्षा जेमतेम अडीचशे मीटर उंच. मांड्यांनी तक्रार केली नसती तरच नवल.

मात्र गुडघ्याच्या सांध्यातच दुखत असेल, सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा पाय दगा देत असेल, तर हे सदर बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही घाटाला शत्रू समजू नका आणि रोजचा सोबतीही समजू नका. डोंगरावरची शर्यत आहे म्हणून उठसूट डोंगरावर पळायचं, हा समज आमच्या साताऱ्याकडे फार. हौशी मंडळी जुलैमध्ये जागी होतात, दर रविवारी शर्यतीचा तो यवतेश्वरचा घाट चढतात-उतरतात आणि शर्यतीच्या दिवशी पिंढऱ्या धरून रस्त्याच्या कडेला बसतात. तुमचं नशीब असं की तुम्हाला खोरं मिळालंय. आठवड्यातले बहुतेक दिवस कृष्णाकाठी सपाटीला पळा, पंधरवड्यातून एकदा घाट चढा आणि निदान पहिले दोन-तीन महिने खाली एसटीने या. चढ हृदयाला आणि फुफ्फुसांना तयार करतो, सांध्यांना त्याचा मार कमी बसतो. उतार नंतर, चमच्या-चमच्याने घ्यायचा. पाचगणीच्या स्टँडवरून वाईकडे गाड्या असतात आणि महिलांना तिकीटही अर्धंच पडतं. पाठीवरच्या लहान पिशवीत एक कोरडा टी-शर्ट आणि शाल ठेवा. घामाने भिजलेल्या अंगाने खिडकीशी बसून घाट उतरलात तर सोमवारी काउंटरवर शिंकत बसाल.

रोजचा रस्ता म्हणून मी डोळे झाकून मेणवलीचा सांगेन. वाईतून तीनेक किलोमीटर, रस्ता जवळपास सपाट, दोन्ही अंगांना ऊस, हळद, मध्येच एखादं आंब्याचं झाड. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे नदीला उतरणारा चंद्रकोरी घाट आहे, तिथेच मेणेश्वराच्या देवळाजवळ वसईच्या मोहिमेतून, म्हणजे 1739 च्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिथे पोहोचलात की दोन मिनिटं थांबायला हरकत नाही, पण घाटाच्या पायऱ्यांवर पळू नका. पाण्यालगतच्या दगडांवर हिवाळ्यातही शेवाळ असतं आणि ते दिसत नाही, पाय घसरल्यावर कळतं. जाऊन-येऊन सहा किलोमीटर, बँकेत वेळेवर पोहोचायला अगदी बेताचं अंतर.

वेळ असेल त्या दिवशी तोच रस्ता पुढे धोमपर्यंत धरा. वाईहून धोम सात-आठ किलोमीटर. जसजसं पुढे जाल तसं खोरं अरुंद होत जातं. एका हाताला पाचगणीच्या पठाराची कड, दुसऱ्या हाताला पांडवगडाच्या अंगाचे डोंगर आणि समोर धरणाची भिंत. धोम गावात नरसिंहाचं जुनं देऊळ आहे, त्याच्या आवारात कमळाच्या आकाराचं कुंड आणि त्यात कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी. पाणी पिऊन परत फिरायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर होतात. तुमच्या लांब पल्ल्याच्या रविवारांचा निम्मा प्रश्न इथेच सुटला. धरणाच्या भिंतीवर मात्र जाऊ नका. ती फिरायची जागा नाही आणि पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात पळण्याची लय जाते ती जातेच.

हिवाळ्यातली एक गंमत या रस्त्यावर कळेल. पहाटे थंड हवा डोंगरउतारांवरून ओघळते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. त्यामुळे मेणवलीत बोटं गारठलेली असतात, नदीवर धुकं असतं आणि त्याच सकाळी घाटात दोन-चार वळणं वर गेलं की अंगातलं स्वेटर नकोसं होतं. खाली साचलेल्या त्या हवेत शेकोट्यांचा आणि चुलींचा धूरही अडकून राहतो. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर डिसेंबर-जानेवारीत उजाडल्यावर, धूर थोडा वर उचलला गेल्यावर निघा. तसंही त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाला निघालात तर पहिला पाऊण तास अंधारातच जाईल.

अंधाराचं आणखी एक कारण आहे आणि ते गंभीर आहे. आता उसाचा हंगाम सुरू झाला. भुईंजच्या कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रात्रभर चालू असतात. कित्येकांच्या मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो आणि उसाची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली असतात. ट्रॅक्टर तुम्हाला चुकवून जातो, पण ती टोकं चुकवत नाहीत. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरच्या वाहनांना तोंड देत पळा, चमकणारं जॅकेट घाला, कपाळाला टॉर्च लावा आणि ट्रॉली दिसली की सरळ रस्ता सोडून बाजूच्या मातीत उभ्या राहा. कानात गाणी नकोत. याच कारणाने सुरूरकडचा रस्ता मी तुम्हाला सांगणार नाही. एकेकाळी त्या रस्त्यावरच्या वडांच्या सावलीत चालणं म्हणजे सुख होतं. आता रुंदीकरणाने त्या वडांवर गदा आली आहे आणि महामार्गाकडे धावणाऱ्या गाड्यांना पळणारी बाई दिसायला वेळ नसतो.

डांबरावर पळून पोटऱ्या आखडतील तेव्हा कालव्याच्या कडेचा मुरुमाचा रस्ता वापरा. धोममधून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. कालवा ठरावीक मंद उतारावरून न्यावा लागतो, म्हणून तो डोंगराच्या कुशीतून वळत जातो पण चढउतार जवळजवळ नसतात. पळणाऱ्याला हा फुकटचा फायदा: डोंगराच्या इतकं जवळ आणि तरी सपाट. मुरूम पायाला मऊ लागतो. पण कालवा वाहता असताना अगदी काठावरून पळू नका, आणि जिथे शेतकऱ्यांची ये-जा आहे तेवढाच तुकडा निवडा. दोन्ही बाजूंना उभा ऊस आणि माणूस नाही, असा पट्टा सकाळी एकटीने टाळावा. बिबट्याच्या बातम्या आपल्याकडे उसाच्या आधारानेच येतात. गवतात पाय घालण्याआधी उजेड हवा, कारण फुरसं आणि घोणस दोन्ही या भागात आहेत.

आता पसरणी. शाहीर साबळ्यांचं हे गाव, आणि गावाच्या पुढे घाट लागतो. सुरुवातीला वाईपासून न पळता पसरणीपासून निघा आणि घाटातल्या बुवासाहेबांच्या देवळापर्यंतच जा. तिथून परत चालत या किंवा घरच्या माणसाला दुचाकीवर बोलवा. नवऱ्याला सांगा, ट्रेडमिलचे पैसे वाचले, त्याबदल्यात पंधरवड्यातून एक पहाट द्यायची. दोन-तीन वेळा हे झालं की थेट पाचगणीपर्यंत चढा. वेग बघू नका. घड्याळ लावलंच तर घरी येऊन बघा. चढताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, हीच मोजपट्टी. वाक्य तुटायला लागलं की चाला. चालण्यात कमीपणा काही नाही. साताऱ्याच्या शर्यतीतही घाटात शेकडो लोक कंबरेवर हात ठेवून चालताना दिसतात, आणि त्यातले बरेच जण पळत बसलेल्यांच्या आधी पोहोचतात.

घाटात उजव्या कडेचा नियम एका ठिकाणी मोडायचा. उजवीकडे आंधळं वळण असेल तेव्हा डोंगराला चिकटून आत शिरू नका. समोरून येणारी गाडी वळणाच्या आतून कापत येते आणि तिला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. वळणाच्या आधीच, मागचं-पुढचं बघून, बाहेरच्या बाजूला जा, वळण संपलं की परत या. रविवारी आठनंतर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि ब्रेकच्या करपट वासाने डोकं धरतं, त्यामुळे तोपर्यंत वर पोहोचलेलं बरं. कठड्यांवर माकडं असतात. तुमच्या हातात चिक्की किंवा केळं दिसलं तर ती मागे लागतील, खाऊ पिशवीतच ठेवा.

ज्या दिवशी चढायचा कंटाळा असेल त्या दिवशी उलट करा: पहाटेच्या एसटीने वर जा आणि वरच पळा. पाचगणीच्या टेबललँडचं जांभ्याचं पठार गर्दी आणि घोडे यायच्या आत गाठलं तर छान मोकळं मिळतं. झाडी हवी असेल तर मात्र महाबळेश्वरपर्यंत जा. पाचगणीचे सिल्व्हर ओक दिसायला सुंदर, पण ते माणसाने लावलेले. क्षेत्र महाबळेश्वरच्या बाजूला जांभूळ, हिरडा, अंजनीचं सदाहरित रान आहे, रस्त्यावर दुपारीही सावली असते. तिथे सकाळी पळताना एप्रिलातही ऊन लागत नाही. वर पंचगंगेच्या देवळात कृष्णेचा उगम मानतात, म्हणजे ज्या नदीच्या काठाने तुम्ही रोज पळता तिचं माहेर.

मांढरदेवीचा घाट मंगळवारी-शुक्रवारी आणि पौषातल्या यात्रेच्या दिवसांत नको, जीपांची वर्दळ फार. पांडवगड, वैराटगड, कमळगड हे एकटीने पळायचे डोंगर नव्हेत. सोबत घेऊन चढायला जा, कमळगडावरची गेरूची विहीर बघण्यासारखी आहेच. फेब्रुवारीनंतर उतारांवरचं गवत वाळतं आणि वणवे लागतात, कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा तर मुळीच नको.

उताराच्या सरावाबद्दल थोडं, कारण शर्यतीत तो चुकवता येणार नाही. सातारा हिल हाफमध्ये शहरातून समर्थ मंदिर, बोगदा करत यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने परत यायचं असतं. म्हणजे दमलेल्या मांड्यांवरच उतार येतो. एक चांगली बातमी अशी की स्नायू फार लवकर शिकतात. एकदा उताराचा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार त्यांना बराच कमी दुखावतो. म्हणून फेब्रुवारीपासून घाट चढून झाल्यावर शेवटचा एकच किलोमीटर पळत उतरा, मार्चमध्ये दोन, मेपर्यंत चार. पावलं लहान, वेगाने पडणारी, टाच पुढे फेकायची नाही, अंग मागे झुकवायचं नाही. घाट उतरताना जाणता ट्रकवाला ब्रेकवर उभा राहत नाही, गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो. तुमचं लहान पाऊल म्हणजे तो गिअर. शर्यतीआधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे मोठा उतार बंद. आठवड्यातून दोनदा घरी जिन्याच्या पायरीवरून एका पायाने हळू खाली उतरण्याचा व्यायाम करा, दहा-दहा वेळा. बँकेत फाइल शोधायच्या निमित्तानेही होतो.

शर्यत ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला असते, म्हणजे पावसात. तेव्हा जून-जुलैमध्ये घरी बसू नका. वाईत पाऊस महाबळेश्वरच्या मानाने फारच थोडा. वर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि तीस किलोमीटरवर खाली तुम्ही मेणवलीच्या रस्त्यावर नुसत्या भुरभुरीत पळत असता. घाटात मात्र त्या दिवसांत दरडी पडतात आणि धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. पावसाळ्यात घाट फक्त उघडीप असलेल्या दिवशी, आणि धो-धो पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नकोच. भिजलेल्या बुटांची सवय आधीच करून ठेवा. मोजे दाटसर सुती नकोत, पाणी धरतात आणि फोड आणतात.

कुत्र्यांचं विचारलं नाहीत, पण तो प्रश्न येणारच. वस्तीजवळ कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. थांबा, त्याच्याकडे तोंड करा, वाकून दगड उचलल्यासारखं करा आणि चालत बाहेर पडा. दात लागलेच, अगदी ओरखडा असला तरी, साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला सरकारी दवाखाना गाठा.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. गाव बघतं, आणि पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी “काय झालं ताई, कोण मागं लागलंय का?” असं विचारणारच. याला उपाय एकच: सुरुवातीचा महिनाभर रस्ता बदलू नका, वेळही बदलू नका. दूध घालायला डेअरीवर निघालेली माणसं, देवळात झाडलोट करणारी बाई, चहाच्या टपरीवाला, या सगळ्यांना तुमची ओळख झाली की तुम्ही ‘बँकेच्या मॅडम’ होता आणि तीच तुमची सुरक्षा असते. एक दिवस गेला नाहीत तर ते विचारतील. शिवाय पहाटे रस्त्यावर नीट बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी जिल्ह्याच्या प्रत्येक रस्त्यावर पळत असतात. पोरांना 1,600 मीटर आणि पोरींना 800 मीटर वेळेत काढायचे असतात, त्यामुळे बाई पळताना दिसणं इथे तुम्हाला वाटतं तितकं नवं नाही. सासूबाईंना ललिता बाबरचं नाव सांगून बघा. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. लोक काय म्हणतील याचं उत्तर मोहीने केव्हाच देऊन ठेवलंय.

तरीही त्यांना धीर वाटावा म्हणून निघताना कुठे जाते आणि किती वाजता परत येते हे सांगून जा, फोनवर ठिकाण दिसेल असं ठेवा, आणि उशीर होणार असेल तर एक फोन करा. हे मी पुरुषांनाही सांगतो, ते ऐकत नाहीत.

ट्रेडमिलला माझा विरोध नाही, जुलैच्या एखाद्या भयंकर आठवड्यात साताऱ्यात कुणाच्या जिममध्ये तासभर मिळाली तर वापरा. पण ती विकत घेऊ नका. वाईच्या घरांत वर्षभरात तिच्यावर कपडे वाळत घातलेले मी पाहिले आहेत.

आणि हो, जमेल का हा तुमचा शेवटचा प्रश्न. दहा किलोमीटर आरामात पळणाऱ्या, एका दमात पसरणी चढून आलेल्या बाईला नऊ-दहा महिन्यांत हे जमतं. नोंदणी सुरू झाली की त्याच दिवशी भरून टाका, साताऱ्याच्या जागा लवकर संपतात.